एक डोंगर, चार सैन्यं आणि आषाढातला पाऊस



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पायांनी अनुभवलेला आहे. दरवर्षी जुलै महिन्यात पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे माणसांची रांग लागते. कॉलेजची मुलं असतात, कारखान्यातली, बँकेतली माणसं असतात, आईवडिलांचं बोट धरून आलेली लहान पोरंही असतात. मसाई पठारावर समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं, मग भाताची खाचरं, मग दाट झाडी, वाटेत आडवे येणारे ओढे, कड्यावरून पडणारं पाणी. दोन दिवस अंगावरचे कपडे वाळत नाहीत. आणि शेवटी ती खिंड. तिथं पोचल्यावर बोलकी माणसंही जरा गप्प होतात.

बाजीप्रभूंची कथा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. मला आज बोलायचं आहे ते त्या पावसाबद्दल आणि त्या जंगलाबद्दल. आपल्या पुस्तकांत पाऊस एका वाक्यात येतो, ‘धो धो पाऊस कोसळत होता’, आणि आपण लगेच पुढं तलवारींकडे वळतो. नाटकात मागं रंगवलेला पडदा असतो ना, तसा तो पाऊस. माझं म्हणणं असं की या प्रसंगात पाऊस पडद्यावर नाही, तो रंगमंचावर आहे. आणि हे फक्त १६६० पुरतं खरं नाही. पन्हाळा आणि विशाळगड यांच्यामधल्या याच डोंगराळ पट्ट्यात अडीचशे वर्षांत चार मोठी सैन्यं शिरली. चौघांचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ती काय, हे शेवटी बोलू. आधी डोंगर समजून घेऊ.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा आहे. तिथं याच्या पाचपटीच्या आसपास पडतो. म्हणजे एका दिवसात पायी कापता येईल अशा अंतरात पाऊस पाचपट होतो. पन्हाळा हा सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेला फुटलेल्या डोंगरावर आहे आणि विशाळगड थेट घाटमाथ्याच्या कडेला, जिथून खाली कोकण दिसतं. सरळ रेषेत अंतर सुमारे ४० किलोमीटर, पायवाटेनं ६० च्या आसपास. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे चालणारा माणूस दर कोसाला वाढत्या पावसात शिरत असतो. झाडी दाट होत जाते ती त्यामुळंच. सुरुवातीला उघडा माळ, शेवटी दिवसा अंधार.

आता नद्या बघा. दक्षिणेच्या अंगाला कासारी. तिचा उगम पावनखिंडीच्या परिसरातला, आणि ती पूर्वेकडे वाहत येऊन पुढं पंचगंगेला मिळते. उत्तरेच्या अंगाला कडवी, ती वारणेला जाऊन मिळते. आषाढात या दोन्ही नद्या फुगलेल्या. त्यांच्यामध्ये जी डोंगरांची रांग उरते, तिच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. मसाई पठार हा त्यातला सगळ्यात मोठा. उन्हाळ्यात शहाणा माणूस खोऱ्यातून जाईल, कारण तिथं पाणी आहे, सावली आहे, गावं आहेत. पावसाळ्यात माथ्यानं जाईल, कारण खोऱ्यात ओढा कधी अडवेल याचा नेम नसतो. सड्यावर वारा झोडपतो, पण पाय खाली रुतत नाहीत, कारण खाली कातळ आहे. म्हणजे आज आपण ज्या वाटेनं ट्रेक करतो तिची निवडच पावसानं केलेली आहे.

आता पहिलं सैन्य. साल साधारण १४५३-५४. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याचा सरदार मलिक-उत-तुज्जार कोकणपट्टी जिंकायला निघाला. तेव्हा विशाळगडाचं नाव होतं खेळणा. ही हकीकत फिरिश्तानं लिहून ठेवली आहे. मलिकनं आधी एका शिर्क्यांना पकडलं आणि सांगितलं, धर्म बदल नाहीतर मर. शिर्के म्हणाले, मी तयार आहे, पण खेळण्याचा शंकरराय माझा वैरी. मी धर्म बदलला तर तो मला हिणवेल. आधी त्याला नमवू, रस्ता मी दाखवतो. मलिकला ते पटलं.

शिर्क्यांनी रस्ता दाखवला, आणि अगदी नीट दाखवला. पहिले दोन दिवस चांगली वाट, तिसऱ्या दिवशी जंगल. फिरिश्ताची लेखणी इथं अलंकारांत शिरते, पण त्यातला एक तपशील मला फार खरा वाटतो. तो सांगतो की दोन तंबू शेजारी शेजारी लावायला जागा नव्हती. झाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. सैन्य म्हणजे काय असतं? रांग, तुकडी, चौकी, पहारा. हे सगळं करायला मोकळी जमीन लागते. झाडीत सैन्याचं सैन्यपण जातं आणि उरतात ती हजारो सुटी, दमलेली माणसं. त्यात सेनापती स्वतः रक्ताच्या हगवणीनं आजारी. रात्री शिर्क्यांनी शंकररायाला निरोप पाठवला आणि त्याची माणसं झाडीतून चालून आली. मलिक मारला गेला आणि त्याच्याबरोबर सैन्याचा मोठा भाग. वारा इतका होता की शेजारच्याच्या किंकाळ्या पलीकडच्याला ऐकू गेल्या नाहीत, असंही फिरिश्ता म्हणतो.

दुसरं सैन्य, साल १४७० च्या सुमाराचं. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान. हा फार हुशार माणूस होता. बीदरचा तो प्रसिद्ध मदरसा बांधणारा हाच. आधीच्या मलिकचं काय झालं हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं पहिलं काम काय केलं? घोडदळ डोंगरात काही कामाचं नाही हे ओळखून राजधानीहून आलेली फौज परत पाठवली, आणि जुन्नर, चाकण, वाई, दाभोळ, चौल या भागांतली माणसं बरोबर घेतली. म्हणजे या डोंगरांना सरावलेली. मग त्यानं जंगल तोडायला आणि जाळायला सुरुवात केली. पाच महिने खेळण्याला वेढा घातला. किल्ला पडला नाही. आणि मग पाऊस आला.

गवाननं इथं जे केलं ते बघण्यासारखं आहे. तो हटून बसला नाही. घाटांच्या तोंडाशी इथल्या हवेला टिकणारं पायदळ ठेवून तो स्वतः कोल्हापूरला उतरला आणि गवतानं शाकारलेल्या झोपड्या बांधून चार महिने तिथं राहिला. बहमनी राज्याचा सर्वांत बलाढ्य माणूस, आणि आषाढ-श्रावण कोल्हापूरच्या गवती छपराखाली! पाऊस सरल्यावर परत वर गेला आणि काही युक्तीनं, काही पैशानं खेळणा घेतला. १४७२ मध्ये गोवाही घेतला. पाऊस येतोय म्हटल्यावर मागं सरकणारा सेनापती भित्रा नसतो, हे गवानकडून शिकावं.

गवाननं वेगळं काही केलं नव्हतं. आपल्याकडे सगळेच तसं करत. पावसाळ्यात मोहिमा बंद, फौजा छावणीला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था सांगितली आहे. पावसाळ्यात लष्करानं आपल्या मुलखात छावणीला यायचं. तिथं दाणा, वैरण, औषधं आधीच साठवून ठेवलेली, माणसांना आणि घोड्यांना राहायला गवतानं शाकारलेली छपरं तयार. दसरा झाला की कूच. आपण दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून गावच्या वेशीबाहेर जाऊन सोनं लुटतो, त्यामागं हे आहे. चार महिने बंद असलेलं दार उघडण्याचा तो दिवस.

आणि हे दार बंद का होतं तेही बघा. घोड्याचा खूर सतत ओल्यात राहिला तर सडतो. बैल चिखलात बसतो. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते, ती पावसात विझते, दारू ओली होते. नद्यांवर पूल नाहीत. आणि मावळातला शिपाई हा शेतकरी. आषाढात त्याची भाताची लावणी चालू असते. ती चुकली तर वर्षभर घरात काय खाणार? म्हणजे युद्ध थांबवण्यात शेतीही होती. सगळ्यांनी पाळलेला एक अलिखित करारच म्हणा ना.

आता येतो १६६०. हा करार मोडण्याचं वर्ष.

आदल्या वर्षी १० नोव्हेंबरला अफजलखान मारला गेला. महाराजांनी दम न घेता २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये आदिलशाहीनं सिद्दी जौहरला पाठवलं. बरोबर अफजलखानाचा मुलगा फाजलखान. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफखाना घेऊन वेढ्यात आले, आणि पुढच्याच वर्षी राजापूरला त्याची किंमत मोजून बसले. बाहेरून नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. तिकडं मे महिन्यात शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला.

अशा वेळी गडावरचा कोणीही माणूस आभाळाकडे बघणार. जून येऊ दे. पाऊस येईल, वेढा सैल पडेल, निदान अर्धं लष्कर छावणीला जाईल. गवान गेला होता, सगळेच जात. पण पाऊस आला आणि जौहर हलला नाही. तिकडं शाइस्ताखानानंही तेच केलं. २१ जूनच्या सुमाराला, भर पावसात, त्यानं चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढवला. म्हणजे एकाच पावसाळ्यात, स्वराज्याच्या दोन टोकांना, दोन शत्रू हंगामाचा नियम मोडून बसलेले. १६६० चं संकट किती मोठं होतं हे आपण शत्रूच्या फौजेच्या आकड्यांवरून मोजतो. मला वाटतं ते इथून मोजावं. दरवर्षी चार महिने हक्कानं मिळणारी उसंत त्या वर्षी मिळाली नाही.

मग महाराजांनी काय केलं? ज्या पावसाच्या भरवशावर शत्रू जाईल असं वाटत होतं, त्याच पावसाच्या भरवशावर ते स्वतः निघाले.

तारीख आपण १२ जुलै सांगतो. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली. आजच्या कॅलेंडरात तो दिवस २२ जुलैला येतो. तिथी आषाढी पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा. खगोलाचं गणित करून पाहिलं तरी पौर्णिमाच येते. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. पौर्णिमेची रात्र पळून जाण्यासाठी कोण निवडेल? ज्याला आभाळ भरलेलं राहणार याची खात्री आहे तोच. आणि ढगांच्या मागं का होईना, पूर्ण चंद्र असला की रात्र अमावास्येसारखी काळीकुट्ट राहत नाही. करडा, अंधुक उजेड असतो. मशाल पेटवता येत नाही, पेटली तरी लांबून दिसते. अशा वेळी पायाखालची वाट तेवढी ओळखू यावी इतकाच उजेड हवा. पावसाळी पौर्णिमा नेमकी तेवढाच देते. रात्री मसाई पठारावर थांबलेल्यांना हे मी सांगायला नको.

आवाजाचंही तसंच. शेकडो माणसं आणि एक पालखी वेढ्यातून निसटते, तेव्हा दगड घरंगळतात, पाय घसरतात, कोणीतरी खोकतं. सड्यावर आपटणारा पाऊस आणि ओढ्यांचा धबाधबा हे सगळं पोटात घेतो. पहारेकरी छपराखाली सरकलेले असतात. तहाची बोलणी लावून शत्रूला आधीच सैल सोडलेलं. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीतून शिवा काशीद गेले, पकडले गेले आणि त्यांनी प्राण दिले. त्यांची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. ट्रेकची सुरुवात करणारे तिथं माथा टेकवून निघतात.

बातमी फुटल्यावर सिद्दी मसूद घोडदळ घेऊन पाठलागावर निघाला. घोडेस्वार माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं जातो, हे मैदानात. चिखलाच्या उतारावर, निसरड्या कातळावर, भरल्या ओढ्यात घोडा माणसाच्या मागं पडतो. मसूदला माथ्याची वाट घोड्यांना अवघड आणि खोऱ्याची वाट पाण्यानं अडलेली. तरी तो सकाळपर्यंत जवळ येऊन पोचला, यावरून तोही काही साधा माणूस नव्हता हे दिसतं.

घोडखिंडीत जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की त्या लढाईतही पाऊस मोजा. बंदुका जवळजवळ निकामी. खिंड अरुंद, घोडे पसरायला जागा नाही. मग संख्येला अर्थ राहत नाही. उरतात तलवारी, भाले, दगड, आणि ज्याचा पाय घट्ट त्याची बाजू. आता हे पाय कोणाचे होते? बांदलांच्या माणसांचे. बाजीप्रभू हिरडस मावळचे देशकुळकर्णी, आणि हिरडस मावळ म्हणजे भोरच्या पश्चिमेचा, असाच धुवांधार पावसाचा मुलूख. जेधे शकावलीनं बांदलांच्या लोकांनी शर्थ केल्याची नोंद ठेवली आहे. ही माणसं जन्मापासून आषाढात अनवाणी, डोक्यावर इरलं किंवा घोंगडीची खोळ घेऊन, गुडघाभर चिखलात भात लावत आलेली. त्यांचा पराक्रम मोठा होता यात शंका नाही. पण त्या पराक्रमाला पाय होते, आणि ते पाय शेतात घडले होते. हे सांगितल्यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट ते खरं होतं.

विशाळगडाच्या पायथ्यालाही शत्रू होता. शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी आदिलशहाच्या बाजूनं गडाला घालून बसले होते. रात्रभर आणि दिवसभर चालून आलेल्या माणसांनी तेही फोडलं आणि महाराज गडावर पोचले. पुढं सप्टेंबरात पन्हाळा तह करून आदिलशाहीला द्यावा लागला, पण राजा हातात आला नाही.

आता चौथं सैन्य. हे सगळ्यात कमी सांगितलं जातं, आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं. साल १७०२. औरंगजेब तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा. १७०१ च्या डिसेंबरात त्याचं लष्कर मलकापूरवरून आंबा घाटाच्या वाटेनं विशाळगडाकडे गेलं. रस्ता करायला फतहुल्लाखानानं मजूर लावले, झाडं तोडली, दगड फोडले. गड लढवत होते परशुराम त्रिंबक. वेढा पाच-सहा महिने चालला. शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन लाख रुपये घेऊन, माणसं आणि हत्यारं सुखरूप बाहेर काढून त्यांनी किल्ला दिला. बादशहानं त्याचं नाव ठेवलं सख्खरलना.

पण तारीख बघा. जून! परशुरामपंतांनी किल्ला नेमका पाऊस सुरू होताना दिला. मुद्दाम होतं की नाही, यावर वाद घालत बसायला नको. परिणाम काय झाला ते बघू. बादशहानं किल्ला घेतला आणि डोंगराच्या कडेवर अडकला. राहावं तर दाणावैरण नाही, परतावं तर पाऊस. तो परतला. विशाळगडाहून पन्हाळ्याच्या परिसरात यायला त्या लष्कराला ३८ दिवस लागले, असा हिशोब जदुनाथ सरकारांनी दिला आहे. अंतर सुमारे ३० मैल.

जरा थांबून हे ऐका. तेच दोन गड. तोच हंगाम. महाराज एका रात्रीत आणि एका दिवसात गेले. हिंदुस्थानच्या बादशहाला ३८ दिवस लागले. म्हणजे दिवसाला मैलभरसुद्धा नाही.

असं का झालं? बादशाही छावणी म्हणजे चालतं शहर. तंबू, तोफा, खजिना, दप्तर, जनाना, बाजार. हे सगळं उंटांवर, बैलांवर, हत्तींवर. ते सड्यावरून नेता येत नाही, खोऱ्यातूनच न्यावं लागतं. आणि आषाढातलं खोरं म्हणजे ओढ्यामागून ओढा. एक ओढा ओसरायची वाट बघत दिवसच्या दिवस थांबायचं, मग पुढचा. जनावरं चिखलात मेली, सामान वाहून गेलं, धान्याचे भाव गगनाला भिडले. मोठमोठ्या उमरावांना पायी चिखल तुडवावा लागला. लढाईत हरवता न आलेल्या लष्कराचे हाल त्या पावसानं केले. ते सैन्य किल्ला जिंकून परत येत होतं, हे विसरू नका. जिंकलेल्यांची ही अवस्था!

तर आता ती गोष्ट, जी शेवटी सांगतो म्हटलं होतं. चारही सैन्यांपुढं डोंगर तोच होता. त्यानं पक्षपात केला नाही. मलिक-उत-तुज्जारकडे वाटाड्या होता, पण वैर धरलेला. गवाननं इथली माणसं बरोबर घेतली आणि पावसापुढं हटला, म्हणून टिकला. महाराजांकडे ओझं हलकं, पाय सरावलेले आणि वाट माहीत. औरंगजेबाकडे सगळं होतं, आणि तेच त्याला जड झालं. ‘सह्याद्री आपल्या पाठीशी उभा राहिला’ असं आपण भाषणांत म्हणतो. सह्याद्री कोणाच्या पाठीशी उभा राहत नाही. त्याची माहिती ज्याला असते, तो त्याच्या आडोशाला उभा राहू शकतो. एवढंच. आणि ही माहिती असते कोणाकडे? राजाकडे नसते. ती असते गुराख्याकडे, मेंढक्याकडे, मध काढणाऱ्याकडे, लावणीसाठी पाऊस मोजणाऱ्या बाईकडे. त्या रात्री कोणता ओढा कुठं ओलांडायचा, सड्यावरून कुठं उतरायचं हे ज्यांनी सांगितलं, त्यांची नावं कागदोपत्री आली नाहीत. पण त्यांच्याशिवाय ती रात्र झाली नसती.

इथं एक सावधगिरीही सांगतो. पाऊस म्हणजे डोंगरातल्या माणसाचा मित्र, असा समज करून घेऊ नका. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. त्याच दिवसांत पन्हाळ्यावर जाणारा रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ही सगळी डोंगर ओळखणारी माणसं होती. डोंगराची ओळख असली तरी तो कधी ऐकत नाही, आणि आता पाऊस पडायची रीतही बदलते आहे. तासाभरात दिवसाचा पाऊस पडतो. आजोबांच्या अनुभवावर नातवानं डोळे झाकून चालावं असे दिवस राहिले नाहीत.

आणि म्हणूनच जुलैत पन्हाळ्याहून निघणाऱ्यांना मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तीन गोष्टी सांगेन. पहिली, ओझं कमी ठेवा. औरंगजेब होऊ नका. पाठीवर स्पीकर घेऊन जंगलात शिरणारे मी पाहिले आहेत. दुसरी, वाटाड्या वाडीतला घ्या आणि त्याला त्याचे पैसे नीट द्या. करपेवाडी, आंबेवाडी, पुढच्या धनगरवाड्या, इथल्या घरांत तुम्ही ओल्या अंगानं शिरता, त्यांच्या चुलीपाशी बसता, त्यांची भाकरी खाता. ती तुमची सरबराई करणारी माणसं नाहीत. १६६० च्या गोष्टीतलं जे पात्र कागदावर आलं नाही, त्याचे ते वारस आहेत. त्यांना विचारा, या ओढ्याला काय म्हणता, पाणी चढायला लागलं की कशावरून कळतं, म्हातारी माणसं कुठून जायची. घरी येऊन लिहून ठेवा. मोबाइलवर वाटेची रेघ आली की ही माहिती कोणी विचारत नाही, आणि न विचारलेली माहिती एका पिढीत मरते.

तिसरी गोष्ट, वाडीतला माणूस म्हणाला की आज ओढा ओलांडू नका, तर ओलांडू नका. ‘बाजीप्रभू थांबले का?’ असा प्रश्न तिथं विचारू नका. बाजीप्रभू खिंडीत थांबले ते राजाला वेळ मिळावा म्हणून. तुमच्यामागं मसूद लागलेला नाही. महमूद गवान कोल्हापूरला चार महिने झोपडीत बसला होता, तुम्ही एक दिवस वाडीत बसलात तर काही बिघडत नाही. दरवर्षी पावसाळ्यात धबधब्याखाली, ओढ्यात, कड्यावर तरुण मुलं जातात. ज्या वाटेनं एक राजा जिवंत राहावा म्हणून माणसांनी जीव दिले, त्या वाटेवर फोटोसाठी जीव जाणं हा त्यांचा सन्मान नाही.

आपण इतिहासात राजांच्या तारखा पाठ करतो, त्यासोबत आभाळाच्याही तारखा पाहायला शिकू या. कुठलीही लढाई वाचताना आधी महिना बघा. मग तिथं पाऊस किती पडतो ते बघा. नदी कुठल्या अंगाला आहे ते बघा. भात लावणीला आलं होतं की कापणीला, ते बघा. अर्धा इतिहास तिथंच उलगडायला लागतो. उरलेला अर्धा मात्र पायी चालूनच कळतो, त्याला इलाज नाही.